डाव्या पंखाचा जोड

काका, आधी नाव तुमचंच घेते. सातवीत शाळा सोडलेल्या बाईला मिलिमीटर कुणी शिकवला, तर साळवेकाकांनी. तिने नकाशा उलटा धरला तेव्हा कोण हसलं नाही, नुसता फिरवून परत हातात दिला, तर साळवेकाकांनी. रस्ता रुंद झाला आणि माझी शिवणाची टपरी गेली, तेव्हा चेन्नईच्या कारखान्याला इंग्रजीत पत्र कुणी लिहिलं, ते मराठीत वाचून कुणी दाखवलं आणि नाशिक रोडच्या फलाटावर गाडी सुटेपर्यंत उभं कोण राहिलं, तर तेही तुम्हीच. आज मी इथं समुद्राजवळ बोटींची शिडं शिवते. मुलगी दहावीला आहे. हे सगळं तुमच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर लोक म्हणतील, ह्या बाईला उपकाराची जाणीव नाही. जाणीव आहे, काका. ती नसती तर इतकी वर्षं जीवाला घोर लागला नसता.

काकूंचा फोन आला तेव्हा आमची जेवणाची सुट्टी होती. कारखान्यात फोन चालत नाही म्हणून मी गेटबाहेर नारळवाल्याच्या छत्रीखाली उभी होते. काकू म्हणाल्या, "यमुना, हे गेले गं." मी म्हणाले, "कुठं?" बघा कशी मी. तुम्ही एका जागी बसणारे कधी नव्हतात, म्हणून पहिलं तेच तोंडातून आलं. काकू रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतंय. आता येतील, हाताला ग्रीस लागलेलं असेल आणि टॉवेल मागतील."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि तसेच राहिलात. काही त्रास नाही. ते ऐकून बरं वाटलं. पण लगेच दुसरंच मनात आलं. आता सांगायचं कुणाला?

आपली ओळख झाली ती एका पिशवीवरून. आठवतं का? कांदा महागला होता त्या दिवाळीत तुम्ही माझ्या टपरीवर आलात. मी ब्लाउज, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवत होते. तुम्ही विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कॅनव्हासची एक लांबडी पिशवी शिवायला दिलीत. त्यात नळ्या ठेवायच्या होत्या. मी शिवून दिली. तुम्ही ती टपरीतच उलटी केलीत, चष्मा कपाळावर ढकललात आणि इंचभर अंतरात किती टाके आहेत ते मोजायला लागलात. मला राग आला. म्हटलं, "काका, पिशवी आहे, लग्नातला शालू नाही."

तुम्ही म्हणालात, "यमुनाबाई, सगळीकडे सारखे आठ आहेत. मशीनवर असं कसं जमतं तुम्हाला?"

माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला बाई म्हणतो आणि अहोजाहो करतो, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. हरसूलच्या बाजूला आमचा पाडा. तिथं मला सगळे यमे म्हणायचे, आणि नाशकात गिऱ्हाईक म्हणायचं, ए टेलरवाली. तुमच्या त्या एका हाकेने मी तुमची झाले, आणि त्याच हाकेने मला खोटं बोलायला लावलं. म्हणजे दोष हाकेचा नाही. पण ती हाक जाऊ नये, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

देवळालीच्या पलीकडे द्राक्षाची पेटी भरायची एक रिकामी शेड तुम्ही वापरायला घेतली होती. तिथं मला पहिल्यांदा नेलंत तेव्हा मला वाटलं, विमान असेल. तर नुसत्या नळ्या. प्रत्येक नळीवर नंबर, नटबोल्टच्या पिशव्यांवर नंबर, आणि शेजारी जाड पुस्तक. परदेशातून सुटे भाग येतात आणि आपण घरी जोडायचं, असं हे विमान. दोन माणसं बसतील एवढं. वर पंख, मागे छोटं इंजिन. मी म्हणाले, "हे तर मांडवाचं सामान दिसतंय."

"मांडवच आहे," तुम्ही म्हणालात. "फक्त हा उडून गेला तर आपण खूश व्हायचं."

पंख म्हणजे दोन लांब नळ्या, एक पुढे, एक मागे. त्यांच्यावर कापडाची खोळ चढवायची, जशी उशीला चढवतो. खोळीत ओळीने कप्पे. त्या कप्प्यांत वाकवलेल्या पट्ट्या सरकवायच्या, तुम्ही त्यांना फासळ्या म्हणायचात. फासळ्या गेल्या की कापड ताणतं आणि पंखाला पोट येतं. त्या पोटावर सगळं विमान लोंबकळतं. एवढं मला पहिल्याच दिवशी समजलं, कारण तुम्ही ते कापडाच्या भाषेत सांगितलंत.

कंपनीने तयार खोळी पाठवल्या होत्या. पण तुम्हाला त्या नको होत्या. तुमचं म्हणणं होतं की हा नकाशा थंड देशातल्या, समुद्राकाठच्या माणसाने काढलाय. आपलं नाशिक उंचावर, आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी हवा तापून विरळ होते. विरळ हवेत तेवढाच पंख पुरत नाही. म्हणून तुम्ही प्रत्येक पंख पावणेदोन फुटांनी वाढवला. नळ्या वाढवल्या, आतून जाड केल्या, फासळ्यांचा आकार बदलला. सहा महिने तुम्ही त्या एका कागदावर बसला होतात. काकू म्हणायच्या, "ह्यांची सवत आहे ती." हा बदल जमला तर ह्याच नकाशावरून पुढे आपल्या हवेचं, इथंच मिळणाऱ्या सामानाचं विमान काढायचं, ज्याला हवं त्याने नकाशा घ्यावा आणि आपल्या शेडमध्ये जोडावं, असं तुमच्या मनात होतं. ते तुम्ही फार कुणाला सांगत नव्हता. मला सांगितलं होतंत.

कर्नलसाहेबांना ते पटत नव्हतं. सैन्यात विमानं उडवून निवृत्त झालेला माणूस, चालवणार तेच होते. ते यायचे, खुर्ची उलटी करून बसायचे आणि सुरू व्हायचे. "साळवे, कंपनीचे इंजिनियर काय गाढव आहेत? त्यांनी लांबी ठरवली ती विचार करूनच ना?"

"त्यांच्या गावासाठी ठरवली, साहेब."

"और आप सिन्नरच्या माळासाठी ठरवणार."

"मी सिन्नरच्या माळावरच उडवणार आहे ना."

मग ते माझ्याकडे वळायचे. "यमुनाताई, आप ही समझाओ इनको." मी दात काढायचे. तुमचं ते भांडण ऐकायला मला फार आवडायचं. दोघांनाही एकमेकांशिवाय करमत नव्हतं.

तुमचं-माझंही एक भांडण होतं, ते राहूनच गेलं. मी म्हणायचे, हाताला कळतं. कापड चिमटीत धरलं की किती ताणेल ते मला कळतं, पट्टी कशाला? तुम्ही म्हणायचात, "तुमच्या हाताला कळतं, मान्य. पण तुम्ही आजारी पडलात तर मी तुमच्या हाताला विचारू कसं? कागदावर लिहिलेलं असेल तर कुणीही वाचेल." मी म्हणायचे, कागदाला कापड लागलेलं नसतं. तुम्ही म्हणायचात, बरं, उद्या बोलू. असं उद्यावर उद्या गेलं.

आता ते सांगते, जे सांगायचं टाळत इथवर आले.

खोळीचं कापड बाहेरून आलं. गुळगुळीत, करकरीत, हातात धरलं तर कागदासारखं वाजायचं. बरोबर लागेल तेवढंच आलं होतं. तुम्ही खाकी कागदाचे फर्मे काढून दिलेत. उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंत आणि मला मोठ्याने वाचायला लावलंत: "एकेरी कापा. दुमडू नका."

मी वाचलं. आणि दुमडलं.

काका, कुणी टेलर डावी-उजवी बाजू वेगळी कापत नाही. ब्लाउजचे दोन पुढे, विजारीचे दोन पाय, बाह्या, सगळं कापड दुहेरी टाकून एकदाच बेततात. तसंच शिकवलं होतं मला, आणि त्याने दोन्ही बाजू अगदी सारख्या येतात अशी माझी खात्री होती. मला वाटलं, काकांना शिवणातलं काय कळतं. त्यात जूनचे गणवेश तोंडावर आलेले. दोनदा आखून दोनदा कापण्यात अख्खा दिवस गेला असता. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी कापड दुहेरी पसरलं, वर विटा ठेवल्या आणि कातर चालवली.

ते कापड सुती नव्हतं. खालचा पदर सरकला. टोकाकडे जाता जाता दीड बोट सरकला. उचलून बघितलं तर उजवा पंख फर्म्याबरहुकूम, आणि डावा शेवटच्या दीड फुटात मागच्या कडेला कमी. दीड बोट फक्त. मी विटेवरच बसले. दुसरं कापड नव्हतं. मागवायचं तर चार महिने.

मग मी ते केलं जे टेलर करतो. कातरणातली एक पट्टी घेतली आणि जोड दिला. मागच्या कडेवर तशीही मजबुतीसाठी दुहेरी पट्टी यायची होती, जोड तिच्याखाली झाकला. बाहेरून काही दिसत नव्हतं. पण जोड दिलेलं कापड अखंड कापडासारखं ताणत नाही, हे माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं. त्या टोकाला खोळ जराशी सैल राहिली. इतकी जराशी की मी स्वतःला सांगितलं, फासळी गेली की बसेल.

तुम्ही तपासायला बसलात. भिंग घेऊन. उजवा पंख, मग डावा. टाके मोजत मोजत टोकाला आलात आणि तुमचा अंगठा तिथं थांबला. "यमुनाबाई, इथं जरा जाड लागतंय."

मी म्हणाले, "दोरा संपला होता काका. नवीन दोरा घेतला म्हणून तिथं दुहेरी टीप मारली."

"बरं केलंत," तुम्ही म्हणालात. आणि अंगठा पुढे नेलात.

मला अजून तो अंगठा दिसतो. नखात काळं ग्रीस. एक क्षण थांबलेला. तेव्हा मी बोलले असते तर काय झालं असतं? तुम्ही रागावला असता, चार महिने गेले असते, बस. तुम्ही मला हाकलून दिलं नसतं. आज हे मला पक्कं माहीत आहे. पण तेव्हा मी भ्यायले. मला वाटलं, ह्यांनी विश्वासाने दिलं आणि मी लिहिलेलं वाचूनही ऐकलं नाही, आता परत टेलरवाली.

सिन्नरच्या बाजूला माळावर रोलर फिरवून केलेली पट्टी होती. तिथं नेलं. त्या दिवशी उडवायचं नव्हतं, नुसतं जोरात पळवायचं आणि वेग आला की हातभर उचलून परत ठेवायचं, असं ठरलं होतं. काकूंनी डब्यात भाकरी आणि ठेचा दिला होता. कर्नलसाहेब हेल्मेट घालता घालता म्हणाले, "यमुनाताई, नंतर तुम्हाला बसवतो." मी म्हणाले, "नाय बा. मी खालूनच बघेन."

तुम्ही पट्टीच्या उजव्या बाजूला घड्याळ घेऊन उभे होता. मी डाव्या बाजूला होते, बाभळीखाली. विमान पळायला लागलं. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पण मला दिसलं, काका. वेग वाढला तसं डाव्या पंखाचं टोक मागच्या कडेला फडफडायला लागलं. दोरीवरचा वाळत घातलेला सदरा फडफडतो तसं. तिथंच. जोडावर. उजवीकडून तुम्हाला ते दिसणं शक्य नव्हतं, कर्नलसाहेबांच्या तर पंख डोक्यावर होता. चाकं जमिनीवरून सुटली आणि डावा पंख खाली गेला. टोक घासलं, विमान गर्रकन फिरलं, धुरळाच धुरळा.

मी पळत सुटले. पळताना एकच म्हणत होते, माणूस मरायला नको, माणूस मरायला नको. कर्नलसाहेब पट्टा सोडून स्वतःच बाहेर आले. मनगट मुरगळलं होतं. शिव्या मात्र ठणठणीत होत्या. "साळवे! मैंने बोला था! डावीकडे ओढतंय साला, बैलासारखं!"

टोक जमिनीवर घासून तिथलं कापड फाटलं होतं. आता तिथं कुणी बघितलं असतं तरी फाटलेलं कापड दिसलं असतं, जोड नाही. तुम्ही डाव्या पंखाशी गुडघ्यावर बसलात. बराच वेळ नळीवर हात फिरवत होता. मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही मागे वळून विचारलं असतं, यमुनाबाई, काय झालं असेल, तर मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण तुम्ही मला विचारलंच नाही. तुम्हाला माझ्या शिवणीचा संशय आलाच नाही.

पंधरा दिवस तुम्ही हिशेब परत परत केलात. मग आम्हा दोघांना, मला आणि कर्नलसाहेबांना, शेडमध्ये बोलावलंत. म्हणालात, "वाढवलेली नळी टोकाला वाकते. जेवढी वाकेल असं मी धरलं होतं त्याहून जास्त वाकते, आणि दोन्हीकडे सारखी वाकत नाही. माझं गणित चुकलं." तुम्ही हे उभं राहून सांगितलंत, परीक्षेत नापास झालेला मुलगा बापासमोर सांगतो तसं. कर्नलसाहेबांनी खुर्ची सरळ करून घेतली. नंतर हळूच म्हणाले, "छोडो यार. कंपनीच्या लांबीवर आणू."

तुम्ही नकाशावर त्या पावणेदोन फुटांवर लाल पेन्सिलने काट मारलीत. सही केलीत. मला आठवतं, तुमची सही नेहमी एका झटक्यात व्हायची. त्या दिवशी हळू झाली.

नळ्या कापल्या. बदललेल्या फासळ्यांवर कंपनीच्या खोळी बसत नव्हत्या, म्हणून मी शिवलेल्याच खोळी त्या मापाला कमी करायला माझ्याकडे आल्या. मी टोकाचे तुकडे कापले. आणि डाव्या तुकड्यात माझा जोड कापून निघाला, काका. पूर्ण निघाला. उरलेली खोळ अखंड कापडाची, चांगली ताणलेली. मग विमान पळवलं तर सरळ गेलं. दोरी लावल्यासारखं सरळ.

"देखा?" कर्नलसाहेब म्हणाले. "कंपनीची लांबी."

तुम्ही मान हलवलीत. "बरोबर होते ते."

झालं. माझी चूक तुमच्या वाढवलेल्या पंखासोबत कापली गेली, आणि सगळ्यांना वाटलं, पंख वाढवणं हीच चूक होती. थंडीत सकाळी ते आखूड पंखाचं विमान पट्टी संपता संपता दोनदा उचललं, बस. ऊन वाढलं तसं तेही बंद झालं. ते होणारच, तुम्ही सहा महिने आधी कागदावर लिहिलं होतं की आखूड पंख आपल्या उन्हात उचलणार नाही. त्या गोष्टीत तुम्ही खरे ठरलात, पण तेव्हा कुणी ते म्हणालं नाही. विमानावर ताडपत्री आली. आपल्या हवेच्या विमानाचा नकाशा तुम्ही पुन्हा उघडला नाहीत. काकू म्हणायच्या, "हे आता पेपर वाचतात. पूर्वी पेपरच्या कोऱ्या कडेवर गणितं करायचे."

तरी तुम्ही माझ्यावर माया करत राहिलात. दशांश शिकवलेत. नकाशा कसा वाचायचा ते शिकवलंत. आणि टपरी गेली तेव्हा ते पत्र लिहिलंत. त्यातलं एक वाक्य तुम्ही मराठीत सांगितलंत: "ह्या बाईंच्या हातची शिवण मी विमानाला लावली आहे, आणि त्यात मला एकही चूक सापडली नाही." मी ते ऐकून रडले. तुम्हाला वाटलं, गाव सोडायचं म्हणून रडते आहे. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. मी तेव्हाही बोलले नाही. त्या पत्रावर मला नोकरी मिळणार होती.

इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी आमच्या मेरी अक्कांनी, त्या आमच्या मुकादम, एक शीड जमिनीवर पसरून दाखवलं. एका मुलीने एक पट्टा बोटभर कमी-जास्त शिवला होता. अक्कांना हिंदी तोडकंमोडकंच येतं. चिमूट दाखवून त्या म्हणाल्या, "इतना. बस इतना. और बोट टेढ़ा जाता." मग त्यांनी शीड वाऱ्यावर धरायला लावलं. बाकी सगळं पोट भरलं आणि तेवढाच भाग फडफडत राहिला. मी शिडाची दोरी सोडून दिली. तोवर मला संशय होता. संशयाबरोबर माणूस जगू शकतो, वाटेल तेव्हा नाही म्हणता येतं. त्या दिवशी नाही म्हणायची सोय गेली.

त्यानंतर मी तुम्हाला फोन केला होता. बूथवरून, रविवारी. धीर करून सुरुवात केली, "काका, त्या डाव्या पंखाचं मला..."

तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत. "सोडा हो यमुनाबाई. अजून मनात ठेवलंत? माझं गणित कच्चं निघालं आणि तुमची दोन महिन्यांची मेहनत फुकट गेली. तुमची माफी मागायची राहिली होती. मागतो."

तुम्ही माझी माफी मागितलीत. मी फोन कानाला लावून उभी होते. मागे रांगेत कुणीतरी तमिळमध्ये लवकर आटपा म्हणत होतं. मी म्हणाले, "नाही हो काका, असं काय बोलता." तुम्ही विचारलंत, पोरगी काय म्हणते. मी म्हणाले, बरी आहे. आणि ठेवला. ह्या एका फोनसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही. शेडमध्ये भ्यायले होते, ते समजू शकते. बूथवर कशाला भ्यायचं होतं? नोकरी होती, पोरगी शाळेत होती, तुम्ही हजार मैलांवर होतात. नुसती लाज. मग दरवर्षी ठरवायचे, सुट्टीत जाईन, समोर बसून सांगेन. दोनदा आले. दोन्ही वेळा काकूंनी मटण केलं, तुम्ही माझ्या मुलीला फासळ्या दाखवल्यात, आणि निघताना गेटपर्यंत शब्द ओठांवर आणून मी न सांगताच परत गेले.

मग आला परवाचा दिवस. पुण्यानुमोदन झालं. काकूंनी परत फोन केला. म्हणाल्या, खूप लोक आले होते, कारखान्यातले, विहारातले. कर्नलसाहेबही बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, साळव्यांसारखा माणूस नाही, फक्त त्या पंखाच्या नादाला लागायला नको होतं, तिथं त्यांचं गणित फसलं. मग काकू म्हणाल्या, "यमुना, शेड खाली करायची आहे. भंगारवाला येऊन बघून गेला, नळ्या वजनावर घेईन म्हणतो. तू त्यावर काम केलंयस. देऊ का?"

म्हणजे तुमच्या चुकीचा पुरावा म्हणून ते विमान भंगारात जाणार होतं. आणि ती चूक तुमची नव्हतीच.

मी सांगितलं, काका. तिथंच, नारळवाल्याच्या छत्रीखाली. दुमडून कापल्यापासून बूथपर्यंत सगळं. काकू मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला. "काकू?" म्हटलं.

"आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं होतंस गं. रागावले नसते. उलट नाचले असते."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण काकूंच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते टाळायची सोय उरली नाही. तुम्ही नाचला असता. गणित बरोबर निघालं म्हणून तुम्ही माझी चूक विसरून, ताडपत्री फेकून, कर्नलसाहेबांना फोन लावला असता. दहा वर्षं मी ते तुमच्यापासून अडवून धरलं. मी तुमचं दुःख वाचवते आहे असं मला वाटायचं, आणि मी तुमचा आनंद दाबून ठेवला होता.

मी म्हणाले, "काकू, मला शिव्या द्या."

काकू म्हणाल्या, "शिव्या देऊन काय करू? पुस्तिका काढतोय आम्ही ह्यांच्या आठवणींची. तू लिही. मला सांगितलंस तसंच लिही. कर्नलसाहेब वाचतील, कारखान्यातले वाचतील. काहीही गाळायचं नाही." आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "भंगारवाल्याला मी नको म्हणून सांगते."

म्हणून हे लिहिते आहे. काही गाळलेलं नाही. कर्नलसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या मनगटाची मी गुन्हेगार आहे, साळवेकाका नाहीत. डाव्या पंखाचा कापलेला तुकडा मी टाकून दिला नव्हता. माझ्या ट्रंकेत आहे. त्याची पट्टी उसवून मी बघितलं, जोड जसाच्या तसा आहे, एक बाजू जमिनीवर घासून फाटलेली. तो तुकडा मी रजिस्टर पोस्टाने तुमच्याकडे पाठवते आहे. तुमच्या बोटांनी ताणून बघा. आणि एक विनंती: त्या पावणेदोन फुटांचं गणित तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी शिकलेल्या माणसाने पुन्हा एकदा तपासावं. मला ते येत नाही. मी एवढंच सांगू शकते की त्या पंखाची परीक्षा कधी झालीच नाही.

काका, माफ करा म्हणण्याला आता काही अर्थ नाही. तुम्ही माझी माफी मागितलीत आणि मी ती घेतली, त्यानंतर माझं तोंडच उरलं नाही. पण तुमचं ऋण आहे आणि ते फेडायचं आहे. इथं आमच्याकडे तसंच कापड येतं. मालकांना विचारलं, त्यांनी मापाप्रमाणे द्यायचं कबूल केलं आहे. काकूंनी मूळ नकाशा, लाल काट मारलेला, पाठवायचं म्हटलं आहे. सुट्टी ह्या वर्षी मिळणार नाही, मुलीची दहावी आहे. पण परीक्षा झाली की मी येईन, पुढच्या वर्षी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या वर्षी, आणि तुमच्या लांबीच्या दोन्ही खोळी नव्याने शिवून त्या विमानावर चढवीन. मग कर्नलसाहेबांनी पळवावं किंवा दुसऱ्या कुणी. ते उचललं तर तुमचं, नाही उचललं तरी त्यात माझी लबाडी नसेल. एवढं मी तुमचं फेडीन, काका. नक्की फेडीन.